नावडत्या भागाचें पारायण

गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलेल्या मनुष्यास एक सवलत कधींच नसते. आवडता अध्याय दोनदां वाचावा आणि नावडता अजिबात वाचूं नये, असें त्याला करतां येत नाहीं. रुचो अथवा न रुचो, क्रमानें आलेली ओवी वाचावीच लागते. कादंबरीच्या वाचकावर मात्र असें कोणतेंच बंधन नाहीं. चार भागांची कथामाला हातीं आली, तर तो पहिला भाग मित्रांना वाचावयास देतो, शेवटच्या भागाविषयीं वाद घालतो, आणि मधला जो भाग मनांत भरला नाहीं, तो कपाटाच्या मागच्या रांगेंत सारून देतो. त्या मागच्या रांगेंतील पुस्तकाला पुढें कोण हात लावणार? पण असें एखादें पुस्तक पंधरा वर्षांनीं पुन्हा उघडण्याचा प्रसंग आला, तर काय होतें? पुस्तक तर अक्षरानेंही बदललेलें नसतें. मग जें कांहीं निराळें दिसतें तें कोणामुळें? उरण येथील एका घरांत २०२४ च्या दिवाळींत असा प्रसंग घडला. त्याच्याच आधारें या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

पुस्तक मराठी नव्हतें. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही कथामाला २००५ ते २००८ या काळांत चार भागांनीं पुरी झाली. ‘ट्वायलाइट’, ‘न्यू मून’, ‘एक्लिप्स’ आणि ‘ब्रेकिंग डॉन’ हीं त्या भागांचीं नांवें. म्हणजे संधिप्रकाश, अमावास्या, ग्रहण आणि पहांट. जगभर या पुस्तकांच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि त्या घेणारांत शाळा-महाविद्यालयांतील मुलींचा भरणा मोठा होता. वॉशिंग्टन संस्थानांतील फोर्क्स नांवाच्या अखंड पावसाच्या गांवीं बेला ही सतरा वर्षांची मुलगी वडिलांकडे राहावयास येते आणि तेथील एडवर्ड नामक सहाध्यायावर तिचें प्रेम जडतें. हा एडवर्ड दिसावयास सतरा वर्षांचा. परंतु १९१८ सालीं शिकागो शहरांत इन्फ्लुएन्झाच्या सांथींत मरणाच्या दारीं असतां तो पिशाच झालेला, आणि तेव्हांपासून त्याचें वय तेथेंच थांबलेलें. त्याच वर्षीं त्याच सांथीनें मुंबई शहरांतही हाहाकार माजविला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती दूरची गोष्ट किंचित् जवळची वाटूं लागते.

रक्त पिणारें हें पिशाच यूरोपीय वाङ्मयांत जुनें आहे. जॉन पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा १८१९ मधली. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ मधला. आपल्याकडे मुंजा, हडळ, जखीण, खवीस, गिऱ्हा, ब्रह्मसमंध अशी भुतांची मोठी वंशावळ असली, तरी मानेला दांत लावणारा सरदार तींत नव्हता. तो मराठींत रुजविण्याचें श्रेय मुख्यत्वें नारायण धारप (१९२५–२००८) यांच्याकडे जातें. स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी एकट्यानें रात्रीं वाचण्याचें धाडस अजूनही पुष्कळांना होत नाहीं.

मायरबाईंनीं या भयंकर प्राण्याला प्रेमळ संरक्षक केलें, याचा अनेक टीकाकारांना राग आला. कोंकणांतील मनुष्याला मात्र त्याचें फारसें नवल वाटूं नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आरवली येथें भुतांचा अधिपति जो वेताळ, तोच वेतोबा या नांवानें गांवाचा राखणदार होऊन उभा आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड आणि भल्या थोरल्या वहाणा वाहतात. रात्रीं गांवाभोंवतीं पहारा करतांना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याची भीति वाटते त्यालाच रक्षणाला उभें करावें, ही मनुष्याची फार जुनी युक्ति आहे.

आतां त्या नावडत्या दुसऱ्या भागाकडे वळूं. ‘न्यू मून’ २००६ सालीं निघाला. बेलाच्या अठराव्या वाढदिवशीं भेटवस्तूवरील कागदानें तिचें बोट कापतें, आणि रक्ताच्या एका थेंबानें एडवर्डच्या घरांतील संयम ढळतो. आपल्या सहवासांत हिच्या जिवाला धोका आहे असें ठरवून तो तिला रानांत नेतो, निरोप सांगतो आणि निघून जातो. तेथून पुढें शेंकडों पानें नायक कथेंत नाहीं. बेला आहे, तिचे वडील चार्ली आहेत, जेकब नांवाचा मित्र आहे. ज्याच्यासाठीं वाचकानें पुस्तक विकत घेतलें, तो मात्र नाहीं. पुढें एका गैरसमजानें एडवर्डला ती मेली असें वाटतें, तो इटलींतील व्होल्तेरा शहरीं स्वतःचा नाश करून घ्यावयास जातो, आणि ती धांवत जाऊन त्याला वांचविते. पण तेथवर पोंचतां पोंचतां पुष्कळ वाचकांचा धीर सुटतो. हा भाग रटाळ आहे, अशी तक्रार त्या काळीं सर्रास ऐकूं येई.

उरणच्या या घरांतील धाकटी कन्या २००९ सालीं अकरावींत होती. त्या नोव्हेंबरांत ‘न्यू मून’वरील चित्रपट प्रदर्शित झाला, आणि तिनें चारही भाग सांठविलेल्या पैशांतून आणले. मोरा बंदरावरून लाँचनें भाऊच्या धक्क्याला जावें, तेथून महाविद्यालय गांठावें आणि त्याच वाटेनें परत यावें, असा तिचा नित्यक्रम होता. पहिला भाग तिनें लाँचमध्येंच दोन दिवसांत संपविला. दुसऱ्या भागाशीं मात्र तिचें जमेना. एडवर्ड जातो तें पान वाचून झाल्यावर तिनें तो परत कोठें येतो तें शोधून काढलें, मधलीं पानें भराभर उलटलीं आणि शेवट वाचून पुस्तक मिटलें. तिच्या लेखीं त्या भागांत कांहीं घडतच नव्हतें. पुढें शिक्षण झालें, नोकरी लागली, आणि चारही पुस्तकें कपाटांत गेलीं.

तिच्या थोरल्या बहिणीचें सासर नेरुळला. १२ जानेवारी २०२४ रोजीं खारकोपर ते उरण हा लोहमार्ग सुरू झाला आणि दोन्ही घरें एका गाडीनें जोडलीं गेलीं. थोरल्या बहिणीचे यजमान त्या गाडीनें आनंदानें सासुरवाडीस येत. त्याच वर्षींच्या जून महिन्यांत ते अचानक वारले. त्यांच्या मागें पत्नी आणि नववींत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी राहिली. दिवाळीच्या सुट्टींत मायलेकी उरणला आल्या. दुखवट्याचें वर्ष असल्यामुळें घरांत ना फराळ, ना आकाशकंदील. तुळशीपाशीं एक पणती तेवढी लावली जाई. सर्वजण एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यांत गेलेल्या माणसाचें नांव कोणी तोंडावर आणीत नव्हतें.

भाचीनें मावशीच्या कपाटांतून तीं पुस्तकें शोधून काढलीं. मुलीचें मन रमलें, म्हणून मावशीला प्रथम बरें वाटलें. चार दिवसांनीं तिच्या ध्यानांत आलें, कीं मुलीच्या हातांत रोज एकच पुस्तक असतें, आणि तें दुसरें.

“अगं, तोच भाग काय घेऊन बसलीस? त्यांत कांहींच घडत नाहीं,” मावशी म्हणाली.

“म्हणूनच वाचतें, मावशी,” मुलगी म्हणाली आणि पुन्हा पुस्तकांत मान घालून बसली.

त्याच संध्याकाळीं ती कोणाला न सांगतां मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन बसल्याचें कळलें. दुसऱ्या दिवशींही तेंच. आतां मात्र मावशीच्या पोटांत गोळा उठला. पंधरा वर्षांपूर्वीं भराभर उलटलेल्या पानांतील एक गोष्ट तिला पुसट आठवत होती: बेला कड्यावरून समुद्रांत उडी टाकते. हें पोर त्या पुस्तकांतून काय घेत आहे? पुस्तक काढून घ्यावें, तर तें चोरून वाचलें जाईल. विचारावें, तर ती आणखीच मिटून बसेल. तेव्हां सर्वजण निजल्यावर मावशीनें तें पुस्तक उचललें आणि पहिल्या पानापासून, एकही पान न गाळतां, तीन रात्रींत वाचून काढलें.

या वाचनांत तिला पहिली ठेंच लागली ती चार पानांची. एडवर्ड गेल्यावर पुस्तकांत चार पानें जवळजवळ कोरीं आहेत. त्यांवर केवळ महिन्यांचीं नांवें छापलेलीं आहेत: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. सोळाव्या वर्षीं हीं पानें म्हणजे तिला लेखिकेची चलाखी वाटली होती. आतां त्या पानांवर शिसपेन्सिलीनें, बारीक अक्षरांत, आणखी चार शब्द लिहिलेले होते. ऑक्टोबरखालीं ‘जून’, नोव्हेंबरखालीं ‘जुलै’, डिसेंबरखालीं ‘ऑगस्ट’ आणि जानेवारीखालीं ‘सप्टेंबर’. आणखी एक अक्षरही नव्हतें. त्या चार महिन्यांत मुलगी शाळेंत जात होती, परीक्षा देत होती, पानांत वाढलेलें जेवत होती. म्हणून ती सांवरली असें सर्वांनीं धरून चाललें होतें. बेलाही शाळेंत जाते, स्वयंपाक करते, गुणही चांगले मिळविते. कांहीं घडत नाहीं असें मावशी ज्याला म्हणाली होती, तें हें होतें.

दुसरी गोष्ट बेलाच्या वडिलांची. चार्ली हा फोर्क्सचा पोलीस-प्रमुख. अबोल, कामांत चोख, भावना बोलून दाखविण्यांत अगदींच अडाणी. सोळा वर्षांच्या वाचकाला तो केवळ प्रेमाच्या आड येणारा बाप वाटतो. एकतीस वर्षांच्या वाचकाला दिसलें, कीं रात्रीं झोपेंत किंचाळणाऱ्या मुलीसाठीं जागणारा, महिनोगणती वाट पाहणारा आणि अखेर न राहवून तिला आईकडे पाठविण्याची गोष्ट काढणारा तोच आहे. त्याच्यापाशीं योग्य शब्द नाहींत; पण तो घर सोडून कोठेंही जात नाहीं. त्याच्या जागीं मावशीला आपली थोरली बहीण दिसली. तीही अशीच अबोलपणें दाराशीं उभी राही.

तिसरी गोष्ट जेकबच्या लोकांची. ते कल्पित नाहींत. पॅसिफिक महासागराच्या कांठीं ला पुश या गांवीं क्विल्यूट ही मूळची जमात खरोखरच राहते. लांडग्यांपासून आपली उत्पत्ति झाली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. पिशाचांशीं लढण्यासाठीं लांडगा होणारे तरुण मात्र लेखिकेनें आपल्या पदरचे घातले. कादंबऱ्यांवर अमाप पैसा मिळाला, ज्यांच्या नांवावर कथा रचली ते मात्र सागराच्या प्रलयलाटेच्या भयांत सखल कांठावर राहिले. अखेर २०१२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून राष्ट्रीय उद्यानांतील उंच जमीन त्यांना दिली. पहिल्या वाचनांत मावशीनें हीं माणसें पाहिलींच नव्हतीं, आणि ती स्वतः उरणची! न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें, त्यासाठीं शेवा कोळीवाडा आपल्या किनाऱ्यावरून उठला. जमिनीच्या मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या लढ्यांत पांच शेतकरी गोळीबारांत बळी पडले. तिच्या घरांत या गोष्टी रोजच्या बोलण्यांतल्या. तरीही परक्या पुस्तकांतील किनाऱ्यावरचीं माणसें तिला दिसलीं नाहींत, कारण त्या वेळीं तिचे डोळे एकट्या एडवर्डला शोधीत होते.

पुस्तकाचे दोषही या वाचनांत झांकले गेले नाहींत. उलट ते अधिक उघडे पडले. मुलीच्या हिताचा निर्णय तिला न विचारतां घेणारा आणि आपण तुझ्यावर प्रेम करीत नाहीं असें खोटें सांगून जाणारा नायक हा कौतुकाचा विषय कसा? संकटांत शिरलें म्हणजे गेलेल्या प्रियकराचा आवाज कानीं येतो, असा बेलाला अनुभव येतो, आणि त्या आवाजाच्या लोभानें ती बेफाम मोटारसायकल हांकते, शेवटीं कड्यावरून उडी घेते. तीतून ती जेकबमुळें वांचते. पण हें वांचणें कथेंतलें आहे. कथाकार नायिकेला बुडूं देत नाहीं. खऱ्या समुद्राला नायिका कोण हें ठाऊक नसतें. चौदा वर्षांच्या मुलीशीं याविषयीं स्पष्ट बोललेंच पाहिजे, असा निश्चय मावशीनें केला.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतें, म्हणजे आश्विनी अमावास्या. संध्याकाळीं मुलगी निघाली, तशी मावशीही तिच्याबरोबर निघाली. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरांत भरती-ओहोटींतील अंतर चार मीटरांच्या घरांत जातें. मोऱ्याला गाळ सांचलेला. मोठ्या ओहोटीला तेथें चिखल उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागूं शकत नाहीं. त्या वेळीं तसेंच झालें होतें. पलीकडे मुंबईचे दिवे लागत होते आणि मध्यें पाणी मागें गेलेलें.

“इथें कां येऊन बसतेस?” मावशीनें विचारलें.

बराच वेळ मुलगी गप्प होती. मग म्हणाली, “बाबा मला लाँचनें आणायचे. उतरतांना हात द्यायचे आणि मोठ्यानें हांक मारायचे. इथें बसलें कीं ती ऐकूं येईल असं वाटतं. पण येत नाहीं.”

“बेलाला येते, म्हणून का तें पुस्तक?”

मुलीनें मान हालविली. “तिची उडी वेडेपणाची आहे, मावशी. मला ठाऊक आहे. मी तसं कांहीं करणार नाहीं. मी उडीपर्यंतच वाचतें. मग परत पहिल्यापासून.”

“शेवट नाहीं वाचलास?”

“शेवटीं तो परत येतो ना. मग तो भाग माझा नाहीं.”

जें पान पंधरा वर्षांपूर्वीं मावशीनें धांवत जाऊन गांठलें होतें, तेंच पान ही मुलगी टाळीत होती. मावशीला उत्तर सुचेना. तिनें मुलीचा हात हातांत घेतला. थोड्या वेळानें ती म्हणाली, “बेलाला आवाज ऐकायला संकटांत शिरावं लागलं, कारण त्याच्याबद्दल ती कोणाशींच बोलत नव्हती. तुला तसं करावं लागणार नाहीं. तुझ्या बाबांची हांक मलाही आठवते. आजीला आठवते. तुझ्या आईला तर सगळ्यांत जास्त. आम्हीं विचारलं नाहीं, ही आमची चूक. तूं विचारत जा. आणि इथें यावंसं वाटलं तर एकटी येऊं नकोस. मला सांग, मी येईन.”

“आई रडेल.”

“रडूं दे. ती एकटी रडते, त्यापेक्षां तें बरं.”

चंद्र आकाशांत नव्हता, म्हणजे दिसत नव्हता. अमावास्येला चंद्र कोठें जात नाहीं. तो सूर्याच्या बाजूला असतो आणि त्याचा उजळलेला अर्धा भाग आपल्याकडे पाठ करून असतो. त्या दिवशीं सूर्य आणि चंद्र एकाच दिशेनें समुद्राला ओढतात, म्हणून त्या सुमारास पाणी नेहमींपेक्षां अधिक वर चढतें आणि अधिक खालीं उतरतें. कोळ्याच्या पोराला हें शिकवावें लागत नाहीं. जो दिसत नाहीं त्याची ओढ सर्वांत अधिक. दुसऱ्या भागाला ‘अमावास्या’ हें नांव देतांना लेखिकेच्या मनांत नायिकेच्या आयुष्यांतील काळोख होता; पण या नांवाचा समुद्राकडला अर्थ उरणच्या धक्क्यावर बसलेल्या दोघींना अधिक कळण्यासारखा होता.

त्या रात्रीं घरांत पहिल्यानेंच गेलेल्या माणसाविषयीं बोलणें निघालें. मुलीनें आईला विचारलें, कीं बाबांनीं तिला पहिल्यानें लाँचमध्यें बसविलें तेव्हां ती केवढी होती. आई रडली, आणि मग सांगूं लागली. आजीनें तुळशीपाशीं दुसरी पणती लावली. एवढेंच घडलें. नेरुळला परत जातांना मुलीनें पुस्तक मागून नेलें, आणि मावशीनें तें दिलें.

आपल्या परंपरेनें ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली असावी. रामायणाचें सुंदरकांड अशोकवनांतील एकट्या सीतेभोंवतीं आणि तिच्या शोधास गेलेल्या हनुमंताभोंवतीं फिरतें. राम तेथें बहुतांशीं दूरच आहे. तरी संकटकाळीं घरोघर पारायण होतें तें त्याच कांडाचें. आपल्या संतांनीं विरहिणी रचल्या, त्याही भेट व्हावयाच्या आधींच्या. जेथें नायक नाहीं तो भाग रिकामा नसतो. तेथें मागें राहिलेलीं माणसें असतात, आणि ज्याला त्यांच्यांत बसावें लागलें, त्यालाच तो भाग वाचतां येतो.

म्हणून घरोघरच्या कपाटांत मागच्या रांगेला गेलेलीं पुस्तकें रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावीं. पुष्कळ पुस्तकें तेव्हांही वाईट होतीं आणि आजही वाईटच निघतील; त्यांच्यासाठीं हळहळण्याचें कारण नाहीं. पण एखादें असें निघेल, कीं जें आपल्याला त्या वेळीं नको होतें, आणि घरांतील दुसऱ्या कोणाला आज हवें आहे. तें माणूस तें पुस्तक कां वाचत आहे, हें त्याला विचारण्याआधीं तें स्वतः पहिल्या पानापासून वाचावें. विचारणें मग सोपें जातें.